अर्ध्या तासाचा प्रवास आणि कसर नमाज

नांदेडला विमानतळ आहे, लातूरलाही आहे. नकाशावर सरळ रेघ ओढली तर दोन्हींमधलं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतं. लहान विमान अर्ध्या तासात पोहोचेल. या दोन शहरांमध्ये नियमित विमान नाही, हा भाग वेगळा. आपली लालपरी लोहा, अहमदपूर, चाकूर करत तीन-साडेतीन तास घेते, आणि रेल्वे तर परभणी-परळीचा मोठा वळसा घालून जाते.

घराघरांत प्रश्न विचारला जातो तो असा : पूर्वी उंटावर तीन दिवस लागायचे, म्हणून कसरची सवलत होती. आता गारेगार गाडीत तीन तास, विमानात अर्धा तास. मग कसर कशाला? ‘चार रकात पढल्या तर सवाब जास्तच,’ असंही म्हणतात.

हनफी मसलकात हिशेब अंतराचा आहे, थकव्याचा नाही. आपल्याकडचे बहुतेक उलमा ४८ मैल म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर धरतात, काही ९२ धरतात. नांदेड-लातूर दोन्ही हिशेबांत बसतं. तीन दिवसांची वाट वेगाने दोन दिवसांत कापणाऱ्यालाही जुन्या हनफी ग्रंथांत कसरच सांगितली आहे. आणि कसर इथे वाजिब आहे; जाणूनबुजून चार पढण्यात सवाब नाही. जोहर, असर, इशा यांचे फर्ज दोन. फजर, मगरिब आणि वित्र जसेच्या तसे. मुकीम इमामामागे असाल तर मात्र पूर्ण चार. (कोकणातल्या शाफई वाचकांचे मसले वेगळे आहेत, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं.)

मुसाफिर होतो कधी? घरातून निघाल्यावर नाही, शहराची आबादी ओलांडल्यावर. म्हणून नांदेडच्या विमानतळावर बसलेला नांदेडकर पूर्ण नमाज पढेल, कारण तो विमानतळ शहरातच आहे. लातूरचा विमानतळ शहरापासून दहा-बारा किलोमीटर बाहेर, चिंचोलीराववाडीकडे. तिथून दूरच्या सफरीला निघालेला लातूरकर तिथेच कसर करेल. बसचंही तसंच. नांदेडहून निघालेली बस लोह्याला थांबली, जोहरची वेळ झाली. माळाकोळीला उतरणारा चार पढेल, शेजारच्या सीटवरचा लातूरचा प्रवासी दोन. दोघांची नमाज बरोबर.

खरी कालवाकालव होते ती माहेरी. नांदेडची मुलगी लग्न होऊन लातूरला कायमची नांदायला गेली, की तिचं वतन-ए-असली लातूर झालं. ईदनंतर चार दिवस अम्मीकडे आली तर ती तिथे मुसाफिर. ज्या खोलीत वाढली, ज्या मुसल्ल्यावर नमाज शिकली, तिथेच आता दोन रकात. अनेक मुलींना हे ऐकून रडू येतं, आणि आयांना तर पटतच नाही : ‘माझ्या घरात माझी बेटी मुसाफिर कशी?’ पण बेटीचा हक्क, विरासतीतला हिस्सा, अम्मीच्या घरातली जागा यातलं काहीही या मसल्याने कमी होत नाही. हा फक्त मुक्कामाचा हिशेब आहे. ज्यांचं बिऱ्हाड दोन्हीकडे आहे किंवा नवऱ्याच्या बदलीमुळे ठिकाण पक्कं नाही, त्यांनी जवळच्या मुफ्तींना आपली परिस्थिती सांगून विचारावं.

पंधरा दिवस किंवा जास्त राहायची नियत असेल तर नमाज पूर्ण. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभरासाठी आलेली मुलगी चार पढेल. तिला सोडायला आलेला आणि दुसऱ्याच दिवशी परतणारा जावई त्याच घरात दोन.