नक्षत्रांच्या नावांचे नाटक



कृत्तिका, रोहिणी, मघा, रेवती ही नावे वाचली की आपल्यासमोर पंचांग उभे राहते. रोहिणी बरसल्या का, मघा कशा लागल्या, हा आपला हिशेब. पण ही सगळी एका नाटकातली माणसे आहेत. संशयी नवरा फाल्गुनराव, त्याच्यावर तितकाच संशय घेणारी बायको कृत्तिका, गडी भादव्या, नायकिणीच्या घरात वाढलेली रेवती आणि तिच्यावर जीव जडलेला श्रीमंत तरुण अश्विनशेठ. नाटकाचे नाव ‘संगीत संशयकल्लोळ’. हळदीवरच्या करप्याबद्दल या आठवड्यात लिहायचे होते, ते पुढच्या अंकी. आज नाटकाबद्दल बोलू.

हे लिहिले गोविंद बल्लाळ देवल यांनी. देवल म्हणजे आपल्या सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हरिपूर आपल्याला माहीत आहे ते हळदीच्या पेवांसाठी. देवल तिथे वाढले आणि पुढे पुण्याला जाऊन त्यांनी चक्क शेतकीचे शिक्षण घेतले. म्हणजे एका अर्थी आमच्याच खात्याचा माणूस! शेतकी शिकलेला नाटकाकडे वळला याचे कुणाला नवल वाटेल, मला वाटत नाही. माणसांच्या नावांसाठी महिने आणि नक्षत्रे अशा माणसालाच सुचायची.

गोष्ट मूळची परदेशी. फ्रान्समध्ये मोलिएरने 1660 साली ती रंगवली, तिच्या आधारे मर्फी नावाच्या नाटककाराने 1761 साली इंग्रजीत नाटक केले आणि तिथून देवलांनी ती 1893 साली मराठीत आणली. तेव्हा ते गद्य नाटक होते, नाव ‘तसबिरीचा घोटाळा’. पुढे देवलांनी त्यात पदे घातली आणि 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने ते ‘संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आणले. बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. देवल मात्र त्याच साली वारले. द्राक्षबागाईतदारांना हा प्रकार लगेच कळेल. डॉगरिजचा खुंट अमेरिकेचा, पण वर डोळा आपल्याला हवा तो भरायचा आणि घड लागतात ते तासगावचे. नाटक बघताना कुठेही परके वाटत नाही.

आता घोटाळा ऐका. अश्विनशेठ रेवतीला स्वतःची तसबीर भेट देतो. रेवतीला रस्त्यात घेरी येते. फाल्गुनराव माणुसकी म्हणून तिला सावरतो आणि नेमके तेच कृत्तिका घरातून बघते. तिच्या डोक्यात किडा शिरला. गडबडीत रेवतीची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते. बायकोच्या हातात परक्या देखण्या पुरुषाची तसबीर बघून फाल्गुनरावाच्या डोक्यात दुसरा किडा! पुढे तीच तसबीर अश्विनशेठला फाल्गुनरावाकडे दिसते, म्हणून तो रेवतीवर उखडतो. एका चित्रापायी दोन घरे पेटतात. प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच असते, फक्त त्याचा लावलेला अर्थ खोटा असतो. आणि कुणीही समोरच्याला सरळ विचारत नाही. विचारले असते तर नाटक पहिल्याच अंकात संपले असते.

गेल्या हंगामात एका रविवारी दुपारी सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात हौशी मंडळींनी याचा प्रयोग केला. आमच्या एका गावातल्या महिला बचत गटाने आग्रह धरला म्हणून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून वीस-बावीस माणसे गेलो. सांगली म्हणजे नाटकाची पंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीता स्वयंवर’ इथेच केले आणि मराठी नाटकाचा धागा तिथून धरतात. पण आमच्या टेम्पोतल्या निम्म्या बायकांनी ते नाट्यगृह बाहेरूनच पाहिलेले. बाजाराला शंभर वेळा येणे झाले, आत जाणे नाही.

प्रयोग तीन तासांत बसवला होता. पूर्वी रात्र रात्र चालायचे. पदे बरीच गाळली होती आणि माझ्या मते ते बरेच केले, कारण गाणारा चांगला असला तरी गोष्ट अडून बसते. रेवतीचे काम करणारी मुलगी गायली गोड, पण रागवायचे तिथे रागवेना. खरी धमाल उडवली भादव्याने. मालकाचे ऐकायचे की मालकिणीचे, या पेचात सापडलेल्या गड्याचे ते तोंड बघून मागच्या रांगेतला आमचा ट्रॅक्टरवाला हसता हसता खुर्चीवरून घसरला.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी जाऊ देऊ नये. रेवती नायकिणीच्या घरातली. तिला लग्न करून संसार करायचा आहे आणि अश्विनशेठ तिला हक्काची बायको करायला तयार आहे. अशी नायिका त्या काळी आणणे सोपे नव्हते. याच देवलांनी 1899 साली ‘शारदा’ लिहून म्हाताऱ्याला कोवळी मुलगी देणाऱ्या बापाला चव्हाट्यावर आणले होते.

आमच्या टेम्पोत एक जोडपे होते. नावगाव सांगत नाही. जमीन बाईच्या नावावर, त्यामुळे ठिबकच्या अनुदानाचा ऑनलाइन अर्जही तिच्याच नावाने. कागदांसाठी आमच्या तरुण कृषी सहायकाचे तिला दोन-चार फोन गेले. नवऱ्याने मोबाइलमध्ये ते नंबर पाहिले, काही विचारले नाही, मोबाइल काढून घेतला. बचत गटाची बैठक बंद, हळदीच्या बेणेप्रक्रियेचे शिक्षण बंद. अर्जाचा ओटीपी यायचा तो बंद पडलेल्या मोबाइलवर, म्हणून अर्ज तीन महिने तसाच लोंबकळत राहिला. एक एकर ऊस पाटपाण्यावर भिजत होता आणि मोटारीचे बिल वाढत होते. बाईने कुणाजवळ तक्रार केली नाही. आम्हाला कारण कळले ते तिच्या सासूकडून.

परतीच्या वाटेवर अंकलीच्या पुलाजवळ त्या सासूबाईच बोलल्या, “आमच्या घरातबी एक फाल्गुनराव हाय गं बायांनो. तसबीर न्हाई, तर मोबाइल हाय.” टेम्पो हसून हसून हालला. नवरा खिडकीतून बाहेर बघत बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आई, गप की आता.” पण आवाजात राग नव्हता.

हरिपूरच्या पेवांची एक रीत जुन्या माणसांना ठाऊक आहे. पेव उघडले की लगेच आत उतरत नाहीत. बंद जागेत साठलेली हवा जीव घेते. तोंड उघडे ठेवायचे, हवा जाऊ द्यायची, मगच माणूस उतरवायचा. 2005 च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरून ती निकामी झाली, पण रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या घरातही एकदम काही झाले नाही. महिनाभराने मोबाइल बाईच्या हाती परत आला. आमच्या सहायकाला मी सांगितले की यापुढे फोन करताना घरातल्या दोघांशीही बोलत जा. अर्ज भरून झाला आहे. अनुदान कधी जमा होईल ते मात्र मला विचारू नका.

जाणार असाल तर रविवारचा दुपारचा प्रयोग धरा, म्हणजे शेवटची एसटी चुकत नाही. धारा काढायची वेळ आधी शेजाऱ्याशी ठरवून ठेवा. मागच्या रांगांची तिकिटे स्वस्त असतात आणि ऐकू तिथेही येते. घरातल्या बायकांना सोबत न्या, म्हाताऱ्यांनाही न्या.

पुढच्या अंकी हळदीचा करपा. पानावर ठिपके दिसू लागले असतील तर तोवर रोगट पाने तोडून जाळून टाका.