चिखल धुण्याआधी

पूर ओसरला की घरातला पुरुष दुकानाकडे, गोठ्याकडे नाहीतर बंद पडलेल्या गाडीकडे धावतो आणि बाई खराटा हातात घेते. सांगली-कोल्हापुरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच झालं, चिपळूण-महाडला जुलै २०२१ मध्येही हेच. दोन-तीन दिवस गाळ उपसायचा. भिजून दगड झालेल्या गाद्या, फुगलेलं प्लायवूडचं कपाट, मुलांची पुस्तकं, धान्याचे डबे, सगळं रस्त्यावर आणून टाकायचं. पालिकेची गाडी येते, उचलून नेते. फरशी दिसायला लागली की जिवाला जरा बरं वाटतं. मग पंचनाम्याला माणसं येतात, तेव्हा त्यांना दाखवायला काय उरतं? पुसलेली फरशी आणि भिंतीवरची पाण्याची रेघ. तीही एखादीने घासून काढलेली असते!

स्वच्छता करू नका असं कोण म्हणेल? रोगराईची भीती असते, घरात लहान मुलं असतात. पण मैत्रिणींनो, खराट्याआधी अर्धा तास मोबाईल हातात घ्या. प्रत्येक खोलीचे चारी बाजूंनी फोटो काढा. पाण्याच्या रेघेजवळ कुणाला तरी उभं करा, म्हणजे पाणी किती उंच होतं ते कळेल. फ्रिज, मिक्सर, शिलाई मशीन यांच्यावरच्या कंपनीच्या पट्टीचा जवळून फोटो घ्या. भिंतीच्या भेगा, उडालेले पत्रे, दाराबाहेरचा भिजलेल्या सामानाचा ढीग, काही सोडू नका. आणि हे फोटो लगेच दुसऱ्या गावातल्या बहिणीला किंवा भावाला पाठवून ठेवा. आपला फोनही भिजलेला असतो, कधी दगा देईल सांगता येत नाही.

घरात काय काय होतं याचा हिशेब बाईच्या डोक्यात असतो. तिसऱ्या फळीवर पितळेची किती भांडी होती, मुलीच्या लग्नासाठी काय जमवलं होतं, मशीन कुठून आणि कितीला घेतलं. पंचनाम्याच्या वेळी मात्र विचारणा होते ‘घरमालकां’ची. आणि आपण आत चहा टाकायला जातो. मला हे पटत नाही. चहा नंतर होईल. तलाठी घरात फिरतात तेव्हा आपण त्यांच्याबरोबर फिरायचं, काय लिहिलं ते वाचायचं, मगच घरच्यांनी सही करायची.

वाचायचं ते विशेष करून एका आकड्यासाठी. सरकारी निकषांत पक्क्या किंवा कच्च्या घराचं नुकसान निदान १५ टक्के असेल तरच अंशतः पडझडीची मदत मिळते. म्हणजे कागदावर १० टक्के लिहिलं गेलं, तर त्या खात्यात हातात भोपळा. मागच्या भिंतीची भेग, खचलेला पाया, न्हाणीघराचा कोसळलेला कोपरा दाखवायची जबाबदारी शेवटी आपलीच. टक्केवारी चुकली असं वाटलं तर त्याच आठवड्यात तहसीलदारांकडे फोटो जोडून लेखी अर्ज द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं.

आता दुसरी गोष्ट, जी ऐकायला कडू आहे. सरकार देतं ती मदत असते, भरपाई नसते. केंद्राने २०२२ पासून लागू केलेल्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, पक्क्या घराच्या अंशतः पडझडीला साडेसहा हजार आणि कपडे नि भांडी यांसाठी प्रत्येकी अडीच हजार रुपये ठरवले गेले. २०२१ च्या पुरानंतर राज्याने पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख जाहीर केले होते. आजच्या विटा, वाळू, सिमेंटच्या भावात त्यात किती बांधकाम होतं, हे कुठल्याही गवंड्याला विचारा. मदत घ्यायचीच, तो आपला हक्क आहे. पण घर पुन्हा उभं राहण्यासाठी तेवढ्यावर विसंबणं म्हणजे शुद्ध भाबडेपणा आहे.

दारातल्या स्कूटीचा विमा आपण दरवर्षी भरतो, कारण पोलीस विचारतात. घराचा विमा कुणी विचारत नाही म्हणून काढत नाही. विषय काढला तर घरातली मोठी माणसं म्हणतात, असं अभद्र बोलू नये. किंवा म्हणतात, आमच्याकडे कुठे पूर येतो? सोलापूर-धाराशिवकडेही अनेकांना असंच वाटत असेल. दुष्काळाने पोळलेला तो मुलूख, पण २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने गावंच्या गावं पाण्यात घातली.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकांच्या सांगण्यावरून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी आली. कोणत्याही कंपनीकडून घेतली तरी मूळ अटी त्याच. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणं हे सगळं तिच्यात येतं. आपत्तीनंतर सात दिवसांत त्याच कारणाने घर उघडं पडून चोरी झाली तर तीही येते. विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नाही, त्यामुळे बाजारभाव ऐकून घाबरू नका. घर पुन्हा बांधायला जो खर्च येईल तेवढाच आकडा धरायचा. घराच्या विम्याबरोबर सामानाचाही विमा आपोआप मिळतो, घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. भाड्याने राहणाऱ्या बाईला नुसत्या सामानाचाही काढता येतो. साध्या दोन-तीन खोल्यांच्या पक्क्या घराचा वर्षाचा हप्ता एका बऱ्या साडीच्या किमतीत बसतो. त्याला महाग म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पण दागिने? ते यात आपोआप येत नाहीत. त्यांची यादी देऊन, किंमत ठरवून वेगळी जोड घ्यावी लागते. हे एजंट स्वतःहून सांगेलच असं नाही. वर्षानुवर्षं झिरपणाऱ्या ओलीचे पैसेही मिळत नाहीत, आणि मातीच्या-कुडाच्या घराबद्दल कंपनीला आधी विचारून उत्तर लेखी घेतलेलं बरं.

ज्यांनी घरासाठी कर्ज काढलंय त्यांनी आजच बँकेची फाईल उघडून बघा. ‘कर्जाबरोबर विमा काढलाय’ असं घरात सगळ्यांना माहीत असतं, पण तो कशाचा, हे कुणी पाहिलेलं नसतं. बरेचदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. भिंत पडली तर त्याचा काही उपयोग नाही. उलट काही घरांचा विमा बँकेने खरोखरच काढलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो! पूर येतो, घर पडतं, आणि दावाच केला जात नाही.

कागदाचा प्रश्न निघाला की नावाचा प्रश्न निघतोच. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून सासऱ्यांचं नाव असतं, ते जाऊन दहा वर्षं झालेली असतात. राहते ती विधवा सून, आणि पैसे जमा करायची वेळ आली की मुंबईचे दीर, पुण्याची नणंद यांची संमतिपत्रं गोळा करायची. अशा वेळी नाती कशी ताणली जातात हे मी नव्याने सांगायला नको. नमुना आठ हा मालकीचा दस्त नाही, कर आकारणीची नोंद आहे, हे खरं. तरी गावात घर कुणाचं याला पहिला पुरावा म्हणून तोच पुढे येतो. वारसनोंद करून घ्या, नवऱ्याच्या शेजारी आपलं नाव लावून घ्या. ‘घर दोघांचं’ अशी मोहीमच आपल्या राज्यात झाली, पण किती घरांच्या उताऱ्यावर दोन नावं आहेत? बचत गटाच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांनी आपापला उतारा आणून बघा, उत्तर तिथेच मिळेल.

पॉलिसी आहे आणि नुकसान झालं, तर लगेच कंपनीला कळवायचं आणि दाव्याचा नंबर लिहून ठेवायचा. सामान फेकण्याआधी सर्वेक्षक कधी येणार ते विचारायचं. तो येईतो दम निघत नसेल तर फोटो आहेतच. पॉलिसीचा कागद वाहून गेला तरी हातपाय गाळू नका, नोंद कंपनीकडे असते. केवळ कागद नाहीत म्हणून दावा फेटाळू नये, असं नियामकांनी २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. रक्कम कमी वाटली तर ‘पूर्ण व अंतिम मिळाली’ अशा छापील कागदावर घाईने सही करू नका.

कंपनीने नाकारलं, टोलवलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, तक्रार वर्षभरात करायची. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे दोन वर्षांची मुदत आहे, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. फी ठरते ती आपण भरलेल्या हप्त्यावर, मागितलेल्या रकमेवर नाही, आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. घराच्या विम्याचा हप्ता पाच लाख कुणाचा असतो?

अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल तर तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय शोधा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. पूर, भूकंप यांत सापडलेल्यांचा त्याच कायद्यात वेगळा उल्लेख आहे. जाताना दावा नाकारल्याचं पत्र बरोबर न्या. ते दिलंच नसेल, नुसतं फोनवर ‘बसत नाही’ म्हणून सांगितलं असेल, तर आधी कंपनीकडून ते लेखी मागून घ्या.