चमकतोय भारी, पण आलाय कुठून?

मागच्या महिन्यात एका प्रदर्शनात मी अमोनाइट विकत घेतला. तळहाताएवढा, गोल गुंडाळलेला शंख आणि त्यावर लाल-हिरवी झाक. 'कुठला आहे?' विचारल्यावर स्टॉलवाला म्हणाला, 'फॉरेनचा.' मला तेवढं पुरलं. घरी आणला, टेबलावर मांडला, स्टोरी टाकली.

आजीने हातात घेऊन बघितला. "अगं, हा तर आपल्या शाळिग्रामासारखा!" खरंच आहे. देवघरातला शाळिग्राम म्हणजेही बहुतेक वेळा अमोनाइटचा जीवाश्मच. पण आजीला तिचा शाळिग्राम गंडकी नदीतला, हे पक्कं ठाऊक. माझ्या शंखाला पत्ताच नाही!

अमोनाइट म्हणजे माकुळाचा लांबचा नातेवाईक, डायनोसॉरबरोबरच संपलेला. त्याची चमक हा रंग किंवा पॉलिश नाही. शंखाच्या अॅरागोनाइटचे अतिपातळ थर टिकून राहिले की त्यांवरून परतणारा प्रकाश रंगांत फुटतो. थर जाड असतील तर लाल, पातळ असतील तर निळा-जांभळा. म्हणून निळा दुर्मीळ. (हा थर उष्णतेने आणि आम्लाने खराब होतो. आजी चिंच घेऊन घासायला निघाली होती, म्हणून सांगते.)

सगळ्यात झगमगते अमोनाइट कॅनडातल्या अल्बर्टाचे, साधारण ७ कोटी वर्षांपूर्वीचे. बाजारात दिसणारे बरेचसे मादागास्करचे, ते जवळपास ११ कोटी वर्षांचे. म्हणजे 'फॉरेनचा' या एका शब्दात ४ कोटी वर्षं गायब!

अल्बर्टात जमिनीवर सापडलेला अमोनाइट तुम्ही घरी ठेवू शकता, पण मालक सरकार, तुम्ही फक्त सांभाळणारे. परवानगीशिवाय विकायचा नाही, प्रांताबाहेर न्यायचा नाही. मला हे जाम पटलं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय रिसर्च करायचाय? शोपीस तर आहे! मान्य. पण कुठल्या जागेतून, कुठल्या थरातून काढला हे एकदा हरवलं की अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग उरत नाही. आणि आपण विचारतच नाही, म्हणून विकणारा चिठ्ठी जपत नाही. टी-शर्ट घेताना कापड कुठलं हे विचारतो ना? मग इथे लाजायचं कशाला? उत्तर मिळालं नाही, तर सरळ पुढच्या स्टॉलवर जा.

मी माझ्या शंखाखाली चिठ्ठी चिकटवली आहे. खरेदीची तारीख, प्रदर्शनाचं गाव. 'मूळ ठिकाण'पुढे जागा रिकामी आहे.