गाडीवरचे जुने पट्टे



आमच्या वस्तीतल्या एका कुटुंबाने हप्त्यावर सेकंडहँड गाडी घेतली. मुलगा ती भाड्याने चालवणार आणि त्यावर घर चालणार. गाडी दारात आली तेव्हा दोन्ही बाजूंना रेडियमवाल्याने लावलेले लाल पट्टे होते आणि बॉनेटवर आधीच्या मालकाच्या दैवताचे मोठे चित्र. मुलगा म्हणाला, "हे आधी काढतो." आई कचरली. "राहू दे रे, उगीच काही वाईट व्हायचं." मुलगा चिडला आणि ब्लेड घेऊन खरवडायला बसला. चित्र अर्धे निघाले, पण पत्रा दिसेल अशा रेघा बॉनेटवर पडल्या. आई म्हणाली, "बघा, झालं ना!"

आम्ही म्हटले, "ताई, वाईट झाले ते ब्लेडमुळे, चित्र काढल्यामुळे नव्हे." १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला २२ प्रतिज्ञा दिल्या. जुने देव आपण तेव्हाच सोडले. मग त्यांची भीती अजून घरात का ठेवायची? पण भीती जावी म्हणून राग आणायचीही गरज नाही. हे काम रागाने बिघडते आणि धीराने साधते.

कसे करावे ते सांगतो. प्रथम गाडी साबणाच्या पाण्याने धुऊन पुसावी. धूळ राहिली तर तीच रंगावर ओरखडे पाडते. मग पट्टा ऊबदार करावा, म्हणजे त्याचा गोंद मऊ होतो. केस वाळवायचा ड्रायर असेल तर तो थोड्या अंतरावरून फिरवावा, एका जागी धरून ठेवू नये. नसेल तर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात टॉवेल पिळून पट्ट्यावर धरावा. कोपरा नखाने उचलावा आणि पट्टा त्याच्याच अंगावर मागे दुमडत सावकाश ओढावा. सरळ वर हिसकू नये. उन्हाने जुना पट्टा तडकलेला असतो, तो तुकड्यातुकड्यानेच निघतो. दर वेताला पुन्हा ऊब द्यावी.

मागे चिकट गोंद राहतो. त्यावर खोबरेल किंवा गोडेतेल लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मऊ कापडाने पुसावे. तेवढ्याने न गेल्यास थोडे रॉकेल घ्यावे. पण आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे, जवळ विडी-काडी नको, काम उघड्यावर करावे आणि नंतर साबणाने धुवावे. थिनर लावूच नये. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या गाडीचा रंग त्याने उतरतो. अशा गाडीचा रंग कधी पट्ट्याबरोबरही सोलून येतो. तसे दिसले तर हात थांबवून पेंटरला दाखवावे.

सगळे निघाल्यावरही पट्ट्याचा ठसा दिसतो. आजूबाजूचा रंग उन्हाने फिका झालेला असतो आणि पट्ट्याखालचा झाकलेला, म्हणून ताजा. बारीक रबिंग कंपाउंड हलक्या हाताने फिरवून पॉलिश केल्यास फरक कमी होतो. फार घासू नये, रंगाचा थर पातळ असतो.

आणखी एक. ते चित्र कोणाच्या तरी श्रद्धेचे होते. त्याचे तुकडे रस्त्यावर पायदळी टाकू नयेत, कागदात गुंडाळून टाकावेत. दुसऱ्याचा अपमान करणे हा आपला धम्म नव्हे.

दुसऱ्या दिवशी आईनेच टॉवेल गरम करून दिले. दोघांनी मिळून दोन्ही बाजूंचे पट्टे काढले, एकही रेघ पडली नाही. बॉनेटला मात्र पेंटर लागला. उघडा पत्रा पावसाने गंजला असता. पेंटरला दिलेले ते पैसे हप्त्याचे होते. तेवढे तुमचे तरी वाचावेत, म्हणून हा प्रपंच.

मागच्या काचेवर आता छोटे 'जयभीम' आहे. नंबरप्लेटवर मात्र कसलेही स्टिकर लावू नका, ते नियमाविरुद्ध आहे.