बचतीची पेटी आणि सत्तेची किल्ली

रायपूर : बचत गट निघाले, पंचायतींत निम्म्या जागा राखीव झाल्या, म्हणजे ग्रामीण स्त्रीच्या हाती सत्ता आली, असा डांगोरा छत्तीसगडचे सत्ताधारी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, सतत पिटत आले आहेत. हा दावा अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

अंगणवाडीतील पोषण आहाराचे उदाहरण घ्या. या कामी कंत्राटदार नेमू नयेत, बचत गट व महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली दिला होता. छत्तीसगडमध्ये गटांतील हजारो स्त्रिया हा आहार तयार करीत होत्या. नोव्हेंबर 2021 मध्ये तत्कालीन काँग्रेस सरकारने गुणवत्तेचे कारण पुढे करून ते काम राज्य बीज व कृषी विकास निगमाकडे सोपविले. स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, उच्च न्यायालयात गेल्या. याचिका फेटाळल्या गेल्या. गुणवत्ताच हवी होती, तर गटांना यंत्रे व प्रशिक्षण का दिले नाही? पुढे सरकार बदलले आणि 2025 साली भाजप सरकारने काही जिल्ह्यांत हे काम गटांना परत देण्यास सुरुवात केली. हिरावणारा हात एकाचा, देणारा दुसऱ्याचा. निर्णयाच्या बैठकीत मात्र या स्त्रिया दोन्ही वेळा नव्हत्या. कृपेने मिळालेले काम लहरीने जाते!

महाराष्ट्रातील चित्र वेगळे नाही. तेथे याच आहाराच्या निविदांतील अटी स्थानिक गटांना बाहेर ठेवून बड्या पुरवठादारांना सोयीच्या ठरत होत्या. वैष्णोराणी महिला बचत गटाच्या खटल्यात 2019 साली सर्वोच्च न्यायालयाला ती प्रक्रिया रद्द करावी लागली.

आता पंचायतीकडे वळू. छत्तीसगडमध्ये 2008 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरीही मार्च 2025 मध्ये कबीरधाम जिल्ह्यातील परसवारा गावी सहा निर्वाचित महिला पंचांऐवजी त्यांच्या पतींनी शपथ घेतली. गाजावाजा झाल्यावर पंचायत सचिव निलंबित झाला. परंतु ज्या व्यवस्थेला हा प्रकार स्वाभाविक वाटला, ती निलंबित झाली काय?

यावरून काही साथी असा निष्कर्ष काढतात की, बचत गट हा निव्वळ भांडवली सापळा आहे, त्यापासून दूर राहावे. ही भूमिकाही तितकीच चुकीची आहे. दर आठवड्याला हिशेबाला बसणाऱ्या दहा-बारा कष्टकरी स्त्रिया आपण सावकाराच्या आणि सत्ताधाऱ्यांच्या स्वाधीन करायच्या काय?

याच छत्तीसगडातील दल्ली-राजहराचा इतिहास आठवावा. 1977 च्या गोळीबारात तेथे अकरा श्रमिकांचे बळी गेले. त्यांत अनुसूयाबाईही होत्या. तेथील खाणकामगार स्त्री-पुरुषांनी दारूविरोधी लढा उभारला आणि स्वतःच्या वर्गणीतून 1983 साली शहीद रुग्णालय सुरू केले. कॉ. शंकर गुहा नियोगी यांच्या मार्गाशी मतभेद असू शकतात. परंतु तेथील धडा निर्विवाद आहे. पैसा तोच कष्टाचा. त्याच्यामागे संघटना उभी राहिली म्हणून तो शक्ती बनला.

म्हणून आपले कार्य स्पष्ट आहे. पोषण आहाराचे काम गटांना कायद्याने मिळावे, केलेल्या कामाचे किमान वेतन मिळावे, खासगी लघुवित्त कंपन्यांच्या व्याजावर मर्यादा यावी (रिझर्व्ह बँकेने ती 2022 साली उठविली), आणि ग्रामसभेत स्त्री सदस्याऐवजी पती बसल्यास ती सभा रद्द व्हावी, या मागण्या गटागटांतून उठल्या पाहिजेत. पेटीची किल्ली स्त्रियांकडे आलेली आहे. गावाच्या कारभाराची किल्ली कोणी आणून देणार नाही. ती संघटित होऊन घ्यावी लागेल.