बघ्यांनाही तिकीट!

शाळा सुटली की दप्तर पाठीला आणि पाय आपोआप कोपऱ्यावरच्या व्हिडिओ गेम पार्लरकडे. आठवतंय? 'मुस्तफा' खेळणारा एक आणि त्याच्या मागे उभे आठ. (गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', १९९३ चा. पण खरं नाव हवं होतं कोणाला!) त्या आठांतला एक जण सतत "मार, मार, जंप मार!" असे सल्ले देणार आणि टोकनचे पैसे त्याच्याकडे कधीच नसणार. तो म्हणजे अस्मादिक.

आमच्यासारख्या फुकट्यांची किंमत सेगासारख्या बड्या कंपनीला कळली नाही, अशी माझी थिअरी आहे. ऐका.

नव्वदच्या दशकात या जपानी कंपनीने ठरवलं, की कळकट पार्लर बस्स झालं. आता छताखालचं थीम पार्क, तेही ऐन शहरात. १९९४ मध्ये योकोहामात पहिलं जॉयपोलिस उघडलं. सप्टेंबर १९९६ मध्ये थेट लंडन! पिकॅडिली सर्कसजवळच्या ट्रोकाडेरो इमारतीत सेगावर्ल्ड. उंचच उंच सरकत्या जिन्याने वर जायचं आणि मजल्यामागून मजला खेळत खाली उतरायचं. छोट्या गाड्यांमधून एकमेकांवर चेंडू डागायचा 'मॅड बझूका' तर एकदम भन्नाट. ऐकूनच आपण फिदा.

पण गोम होती दारात. मोठ्यांना एंट्री १२ पौंड, मुलांना ९. त्यात राइड्स फ्री, पण मशीनवर खेळायचं तर पुन्हा नाणी टाका. म्हणजे नुसतं कोणाच्या मागे उभं राहून बघायचं, तरी तिकीट! आणि राइड्सना ही लांब रांग. लोक वैतागले. मग एंट्री फी उतरवली, पण तोवर नाव खराब झालं होतं. १९९९ मध्ये सेगाने तिथून काढता पाय घेतला. त्याच इमारतीत 'फनलँड' नावाचं साधं आर्केड मात्र २०११ पर्यंत तग धरून होतं. सिडनीतलं सेगा वर्ल्ड १९९७ मध्ये सुरू झालं आणि २००० मध्ये, ऑलिंपिक आटोपल्या आटोपल्या, गाशा गुंडाळून मोकळं.

अमेरिकेत आपल्यासारख्या ऑफिसवाल्यांवर डोळा होता. सेगा, युनिव्हर्सल आणि स्पीलबर्गची ड्रीमवर्क्स या तिघांनी १९९७ मध्ये सिअ‍ॅटलला पहिलं गेमवर्क्स काढलं. गेम्स, जेवण, बार, सगळं एका छपराखाली. पार्टनर बघा ना, काय तगडे! तरी २००४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज.

आता तुम्ही म्हणाल, घरात प्लेस्टेशन आल्यावर कोण कशाला बाहेर जाईल? कबूल. गंमत म्हणजे सेगाही तेच करत होती. पार्लर गाजवणारा 'व्हर्च्युआ फायटर' तिने १९९४ मध्येच स्वतःच्या सॅटर्न कन्सोलवर घरी पोचवला. स्वतःच्याच दुकानासमोर स्वतःच हातगाडी लावायची आणि मग गिऱ्हाईक कुठे गेलं म्हणून शोधायचं! पण घरच्या सोफ्यामागे आठ अनोळखी पोरं उभी राहत नाहीत. ती गर्दी फक्त पार्लरकडे होती आणि तिलाच दारात अडवलं.

जपानमधली सेगाची साधी आर्केड्स बरीच टिकली. मग कोविड आला. २०२० मध्ये सेगाने या धंद्यातला ८५.१ टक्के हिस्सा गेंडा नावाच्या कंपनीला विकला, २०२२ मध्ये उरलेलाही. दुकानांवरच्या सेगाच्या पाट्या उतरल्या, 'गिगो'च्या चढल्या. आणि ट्रोकाडेरोत? २०२० पासून तिथे एक हॉटेल आहे. खोल्यांना खिडक्या नाहीत म्हणे.

परवा टीममधल्या पोरांबरोबर मॉलच्या गेम झोनला गेलो होतो. कार्ड स्वाइप केलं आणि कार रेसिंगला बसलो. मागून आवाज आला, "अंकल, ब्रेक मारा ना!"

अंकल?! वळून बघितलं, तर सात-आठ वर्षांचं एक कार्टं. आई त्याला ओढत होती, "चल, तुझं कार्ड संपलंय." माझ्या कार्डावर एका गेमपुरते पैसे उरले होते. म्हटलं, बस बाबा, तूच चालव. पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर! मीच ओरडत होतो, ब्रेक मार, ब्रेक मार.