तटबंदीचा खर्च

तुरुंग अपुरे पडू लागले की सरकारला एकच उपाय सुचतो : नवा तट, नवे मनोरे, नव्या कोठड्या. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ४ लाख ३६ हजार माणसांची सोय होती. प्रत्यक्षात ५ लाख ७३ हजार कोंबलेली होती. गर्दी खरी आहे. पण त्या प्रत्येकासाठी तट हवाच काय, हे अंदाजपत्रक आखताना क्वचितच विचारले जाते.

महाराष्ट्राला तरी हा प्रश्न नवा नसावा. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूरची वसाहत उभी राहिली. त्यामागे मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना होती आणि संस्थानिक पंतप्रतिनिधींचा पाठिंबा होता. कैद्यांनी तेथे शेती करावी, कुटुंबासह राहावे, अशी ती योजना. तिच्यावरून सुचलेला 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. वसाहतीचे अनुकरण मात्र तुरळकच झाले.

राजस्थानने १९६३ मध्ये जयपूरनजीक सांगानेर येथे खुला तुरुंग काढला. तेथील कैदी दिवसा बाहेर काम करतो, स्वतःच्या कमाईवर कुटुंब पोसतो आणि हजेरीच्या वेळी परततो. सरकारचा खर्च वाचतो तो पहाऱ्यात आणि बांधकामात. कैद्याच्या ताटातील भाकरी कमी करून नव्हे. याचे मर्म जागेच्या निवडीत आहे. शहर जवळ, म्हणून रोजगार जवळ. फुकट मिळते म्हणून आडरानातील ओसाड जमीन निवडणे ही खोटी काटकसर होय. आणि कैद्याला रास्त मजुरी मिळणार नसेल, तर स्वस्त तुरुंगाला वेठबिगारीचा तळ म्हणावे लागेल.

एक विसंगती याहून बोचणारी आहे. २०२२ च्या त्या बंद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. बहुतेक राज्यांच्या नियमांनुसार खुला तुरुंग शिक्षा झालेल्यांसाठीच आहे. गुन्हा शाबीत झालेला मोकळ्या हवेत आणि जामिनाला पैसे नाहीत म्हणून अडकलेला गरीब कोठडीत! त्याची सुटका नव्या इमारतीने नव्हे, सुलभ जामिनाने होईल.

सांगानेरलाही जमिनीच्या भावाने गाठलेच. तेथील क्षेत्र कमी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बजावले. तरी त्याच वर्षी त्यातील जागा रुग्णालयासाठी देण्यात आली आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. रुग्णालय गरिबांनाही हवेच आहे. पण त्यासाठी नेमकी हीच जागा का, याचा खुलासा नियोजनकर्त्यांकडून मागितला पाहिजे.